बाळाचे अंथरूण कोरडे ठेवणारी मॅरियनबाई

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे आपल्या चिटणीसबाईंनी सभेत सांगितले, तेव्हा जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई ही नावे पहिल्या पाच मिनिटांतच वाटली गेली. मी त्या वेळी आत चहाच्या कपबश्या विसळीत होते. बाहेर येऊन पाहते तो माझ्या वाट्याला कोणीच उरलेले नाही. मग तुमच्या मनाने कोणीही घ्या, असे मला सांगण्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मनाने घ्यायचे म्हणजे मोठीच पंचाईत. पण त्याच आठवड्यात घरी जे घडले त्यातून मला ही बाई सापडली. ती राणी नव्हे, संत नव्हे, पुढारीही नव्हे. आपल्या देशातली तर नव्हेच. पण जिच्यासाठी तिने डोके चालविले ती वस्तू आपल्यापैकी प्रत्येकीने रात्री दोन वाजता हातात धरलेली आहे. ती म्हणजे मुलाचे ओले बाळोते.

घडले ते असे. माझी लेक आपल्या मुलाला घेऊन महिनाभर राहायला आली होती. नातू दीड वर्षाचा, पण अंगाने फार बारीक. मांड्या अगदी काटकुळ्या. दिवसा बाळोत्यावर भागते, रात्री ती त्याला विकतचे डायपर घालते. मला वाटले होते, आता नव्या काळात सुटल्या मुली! पण कसचे काय. पहाटे तीनच्या सुमारास मुलाचे रडणे सुरू व्हायचे आणि बघावे तर सदरा, दुपटे, गादी, सारे भिजलेले. लागोपाठ चार रात्री तसेच झाले. चौथ्या रात्री दोघी मिळून चादर बदलताना लेक कंटाळून म्हणाली की हे मुळात काढले तरी कोणी ते बघू या. तिने मोबाइलमध्ये शोधले आणि नातवाला थोपटीत थोपटीत मला मराठीत सांगत गेली. पुढे दोन-तीन दिवस दुपारी मी तिच्याकडून आणखी वाचून घेतले. त्यावरून हे लिहिते आहे.

बाईंचे नाव मॅरियन डोनोव्हन. माहेरचे आडनाव ओब्रायन. जन्म १५ ऑक्टोबर १९१७ चा, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील साउथ बेंड या गावचा. त्यांचे वडील आणि चुलते हे जुळे भाऊ. दोघांचा मिळून लेथ यंत्रे बनविण्याचा कारखाना होता. ज्यांच्या घरची माणसे कारखान्यात कामाला आहेत त्यांना लेथ ठाऊक असेल. लोखंड फिरते ठेवून त्याला धार लावून कापायचे ते यंत्र. मॅरियन लहान असतानाच आई वारली. घरी सांभाळायला आई नाही, म्हणून शाळा सुटली की मुलगी वडिलांच्या कारखान्यात जाऊन बसे. बाहुली खेळायच्या वयात तिने यंत्रे पाहिली, मोडलेले कसे जोडतात ते पाहिले. काही नवे सुचले तर वडील तिला गप्प बसवीत नसत, उलट करून बघ म्हणत. प्राथमिक शाळेत असतानाच तिने वडिलांच्या उत्तेजनाने दात घासायची एक नवी पूड तयार केली होती म्हणे. आईवेगळ्या पोरीचे हाल व्हायचे, ते राहिले बाजूला. तिचे हात मात्र त्या कारखान्यात तयार झाले. मला हे ऐकून फार बरे वाटले. माझे वडील सुतारकाम करीत, पण रंधा मुलीच्या हातात कधी आला नाही.

पुढे त्या पेनसिल्व्हेनियातील रोझमाँट कॉलेजात शिकल्या आणि १९३९ साली इंग्रजी साहित्य घेऊन पदवीधर झाल्या. न्यूयॉर्कला व्होग नावाच्या बायकांच्या प्रसिद्ध मासिकात त्यांनी नोकरी केली. सौंदर्यप्रसाधनांच्या पानांची साहाय्यक संपादिका असे त्यांचे काम होते. मग जेम्स डोनोव्हन यांच्याशी लग्न झाले. त्यांचा परदेशातून चामडे आणविण्याचा व्यापार होता. जोडपे कनेक्टिकट राज्यात वेस्टपोर्ट येथे राहू लागले. नोकरी सुटली, मुले झाली. इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी शिकलेल्या सुनांची असते तशीच आहे.

खरी गोष्ट पुढे १९४६ मध्ये सुरू होते. दुसरे मूल तान्हे होते. त्या काळी तिकडेही मुलांना कापडाचीच बाळोती बांधीत, दोन बाजूंना सेफ्टी पिना लावून. मूल भिजले की बाळोते भिजे, कपडे भिजत आणि खालचे अंथरूणही भिजे. बाळोते बदलून झाले की लगेच चादर बदला, गादी पुसा. त्यावर उपाय म्हणून बाजारात रबरी चड्ड्या मिळत. त्या घातल्या की ओल बाहेर येत नसे हे खरे, पण वाराही आत जात नसे. मुलाचे अंग आतल्या आत उबून लाल होई, पुरळ उठे. शिवाय मांडीला रबर काचे. म्हणजे एकतर अंथरूण ओले राहायचे, नाहीतर मुलाची कातडी जायची.

हे काही मॅरियनबाईंनाच होत होते असे नाही. त्यांच्या शेजारणीला, शेजारणीच्या शेजारणीला, सगळ्यांनाच होत होते, आणि मुले म्हटली की हे असायचेच असे धरून सगळ्या चादरी धूत होत्या. मॅरियनबाईही धूत होत्या. पण एक दिवस त्यांनी न्हाणीघरातला पाणी अडविणारा पडदा काढला, कात्रीने कापला आणि त्या शिवणाच्या यंत्रावर बसल्या. बाळोत्यावरून घालायची एक चड्डी त्यांनी शिवली. ती काही पहिल्याच झटक्यात साधली नाही. कापून बघावे, मुलाला घालून बघावे, कुठे गळते ते पाहून पुन्हा कापावे, असे पुष्कळ दिवस चालले होते.

शिवणाऱ्या भगिनींना यातली अडचण कळेल. अशा चड्डीत गळायच्या जागा म्हणजे दोन मांड्या आणि कंबर. तिथे घट्ट केले तर काचते, सैल ठेवले तर वाहते. आणखी एक गोष्ट मी स्वतः अनुभवाने सांगते. आतल्या बाळोत्याची कड जर बोटभर बाहेर राहिली तर सगळी मेहनत वाया जाते. निरांजनातली वात जसे तेल वर ओढते तशी ती कड आतली ओल बाहेर ओढते आणि पहाटेपर्यंत अख्खी चादर भिजविते. तेव्हा चड्डी अशी हवी की बाळोते चारी बाजूंनी आत मिटले पाहिजे, आणि तरी पोराला पाय हलविता आले पाहिजेत.

मॅरियनबाईंनी ते साधले. पुढे पडद्याचे कापड सोडून त्यांनी नायलॉन घेतले; युद्धात विमानातून उडी मारायच्या छत्र्यांना वापरीत तसले. त्यातून पाणी बाहेर येत नसे, पण रबरासारखे ते अंगाला उबवीतही नसे. आत शोषून घेणारी घडी ठेवायला जागा केली. आणि सेफ्टी पिना काढून टाकून त्यांनी टिचबटणे लावली. मला विचाराल तर ही टिचबटणेच मला सगळ्यात मोलाची वाटतात. माझ्या धाकट्याच्या वेळी, २००४ च्या पावसाळ्यात, एका रात्री अंधारात पीन लावताना ती माझ्या हातून उघडी राहिली. पोर रडते म्हणून मी पाजीत राहिले, थोपटीत राहिले, आणि दिवा लावून बघते तो पीन कुशीला रुतलेली. जखम लहानच होती, आठवड्यात बरी झाली. पण ते आठवले की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

त्या चड्डीला त्यांनी बोटर असे नाव दिले, कारण ती होडीसारखी दिसे. मग त्या ती घेऊन कारखानदारांकडे गेल्या. एकानेही घेतली नाही. असली वस्तू कोणत्याही बाईने आमच्याकडे मागितलेली नाही, तेव्हा ती कोणाला नको आहे, असा त्यांचा हिशेब. त्या पुरुषांपैकी रात्री उठून चादर किती जणांनी बदलली असेल, देव जाणे. बायका मागणार तरी कशा? जी वस्तू जगात नाही ती दुकानात जाऊन कोणी मागत नाही.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. त्याच पावसाळ्यात आमच्या एका खोलीत दोन दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि दोन्हींवर बाळोती. वाळत काही नसत. शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर मी ती शेकवीत असे. रबरी चड्डीने धाकट्याच्या मांड्या सोलून निघाल्या होत्या. तेव्हा मी घरातला एक फाटका रेनकोट घेतला, आतून जुन्या धोतराचे मऊ कापड लावले आणि दुपारी सगळी निजल्यावर सासूबाईंच्या यंत्रावर एक चड्डी शिवली. बाजूला नाडीऐवजी परकराची टिचबटणे लावली. त्या रात्री मूल सहा तास कोरडे राहिले, पण डाव्या मांडीशी थोडे गळलेच. सकाळी ती चड्डी दोरीवर बघून घरात आणि जिन्यात इतके हसू झाले की मी ती पोतेऱ्यात टाकली. कोणी वाईट बोलले नाही, नुसते हसले. सासूबाईंनीही नंतर दुसऱ्या कामाला सुई मोडते म्हणून एवढेच सांगितले की यंत्रावर पुन्हा रेनकोट घालू नकोस. मीही घातला नाही. डाव्या मांडीचे कापड अर्धा बोट आत घ्यायला हवे होते हे मला त्याच दिवशी कळले होते. पण मी ते केले नाही.

मॅरियनबाईंनी केले. कारखानदार घेत नाहीत ना, मग त्यांनी स्वतःच त्या चड्ड्या बनवून घेतल्या आणि १९४९ साली न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ अव्हेन्यू या बड्या दुकानात विकायला ठेवल्या. बायकांनी त्या भराभर उचलल्या. मागितली नव्हती म्हणून नको आहे, हा हिशेब तिथेच चुकला. १९५१ मध्ये त्यांना सरकारकडून पेटंट मिळाले, आणि त्याच वर्षी त्यांनी आपले हक्क केको कॉर्पोरेशन नावाच्या कंपनीला दहा लाख डॉलरला विकले. त्या काळचे दहा लाख डॉलर! लेकीने आकडा वाचला तेव्हा मी तिला पुन्हा नीट वाचायला लावला.

एवढे पैसे मिळाल्यावर बाई स्वस्थ बसल्या असत्या तरी कोणी नावे ठेवली नसती. पण धुण्याचा प्रश्न उरलाच होता. चड्डीने अंथरूण वाचले, तरी आतले बाळोते धुवावे लागतेच. म्हणून त्यांनी कागदाचे, वापरून टाकून द्यायचे बाळोते करायचे ठरविले. साधा कागद चालणार नव्हता. ओला झाला तरी न फाटणारा, पुष्कळ ओल पिणारा आणि ती अंगापासून दूर नेणारा असा कागद हवा होता. खरी मेख इथेच आहे. मुलाच्या कातडीशी ओल राहिली तर बाहेरून कितीही बंदोबस्त करा, मूल रडणारच. तसा कागद त्यांनी जमविला आणि मोठमोठ्या कागद कंपन्यांकडे फेऱ्या मारल्या. पुन्हा तेच. याची गरज नाही, हे चालायचे नाही, असे सांगून त्यांना परत पाठविण्यात आले. या खेपेस मात्र त्यांना यश आले नाही. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीतील व्हिक्टर मिल्स नावाच्या इंजिनियराने तेच काम हाती घेतले. ते आजोबा झाले होते आणि नातवंडाची कापडी बाळोती बदलून कावले होते. त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी केलेले पॅम्पर्स १९६१ साली बाजारात आले. आपल्या लेकीसुना आज जे वापरतात ते याच घराण्यातले.

म्हणजे आजोबांना कंटाळा आला तेव्हा कंपनीला ते पटले! आईचा कंटाळा तेवढा कोणी मोजला नव्हता. मिल्ससाहेबांचे श्रेय मी कमी करीत नाही. तेही मोठे कर्तबगार होते आणि शंभर वर्षे जगले. पण लेकीने हे वाचले तेव्हा आम्ही दोघी थोडा वेळ गप्प होतो.

मॅरियनबाई त्या नकाराने खचल्या नाहीत असे दिसते. तीन मुलांच्या आई असताना त्या येल विद्यापीठात शिकावयास गेल्या आणि १९५८ साली, वयाच्या चाळिशीत, वास्तुशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांच्या वर्गात पदवी घेणाऱ्या स्त्रिया तीनच होत्या. पुढे ग्रीनिच गावी त्यांनी आपले घर स्वतः आखून बांधले. आपल्यापैकी कितीजणींनी ओटा आपल्या उंचीचा करून घेतला आहे? असो. जन्मभरात त्यांनी एकंदर वीस पेटंटे मिळविली. आणि सगळी आपल्या रोजच्या घरातली! एकाच कपाटात पुष्कळ कपडे टांगता येतील असे हँगर. पाठीमागची झिप आपली आपल्याला ओढता यावी म्हणून लवचिक दोरी. पाणी निथळून थेट बेसिनमध्ये जाईल अशी साबणाची डबी. दातांतले कण काढायचा, बोटांना न गुंडाळता धरता येईल असा दोरा. जिथे हात अडला तिथे त्या थांबत, एवढेच.

४ नोव्हेंबर २०१० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्या वारल्या. वय ९३ होते. त्यांना जाऊनही आता दीड दशक होत आले. त्यांचे कागदपत्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवले आहेत, आणि २०१५ मध्ये अमेरिकेतील नामवंत शोधकर्त्यांच्या यादीत त्यांचे नाव घेण्यात आले. त्यांच्या हयातीत ते झाले नाही.

आता नातवाचे सांगते, कारण ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्या विचारतील. चरित्र वाचून झाल्यावर आम्ही दोघींनी त्या डायपरकडे मॅरियनबाईंच्या नजरेने पाहिले, म्हणजे नेमके गळते कुठे ते शोधले. रात्रीसाठी एक माप मोठे घ्या असे सगळे सांगतात, म्हणून लेकीने मोठे माप आणले होते. पण ही मापे मुलाच्या वजनावर असतात. आमच्या काटकुळ्या मांड्यांशी ते मोठे माप उघडे राहत होते आणि मूल कुशीवर वळले की सगळे त्या फटीतून वाहत होते. म्हणून त्याच्या वजनाचेच माप आणले. मांडीची झालर आत दुमडलेली राहते, ती बोट फिरवून बाहेर काढायची. कंबरेची पट्टी बेंबीखाली, दोन बोटे जातील इतकी घट्ट. मुलगा असेल तर त्याची सू वर कंबरेकडे न जाता खाली जाईल असे बघून मगच पट्टी लावायची. पालथे निजणाऱ्या मुलांचे पोट भिजते ते याच चुकीने. लहान मापात ओल कमी मावते, म्हणून पुढच्या बाजूला मऊ सुती कापडाची एक घडी आत ठेवली, पण झालरीच्या आतच. निजायच्या अगदी आधी बदलायचे, जेवणाआधी नव्हे. पाणी मात्र तोडायचे नाही. संध्याकाळी जरा लवकर पाजावे एवढेच. आणि सकाळी उठल्यावर अर्धा तास पोराला उघडेच फिरू द्यावे, कातडीला वारा लागतो. पुरळ उठून दोन दिवसांत गेले नाही तर घरगुती लेप लावीत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

एवढे करून पाच रात्रींपैकी तीन रात्री कोरड्या गेल्या. उरलेल्या दोन रात्री झोपेत पाय झाडल्याने डायपर सरकले. तेव्हा वरून घट्ट बसणारी एखादी चड्डी हवी असे लेकीला वाटले, आणि माझ्या तोंडून रेनकोटची गोष्ट निघून गेली. ती हसली नाही. उठून माळ्यावरची मोडकी छत्री घेऊन आली आणि तिचे कापड तिने माझ्यापुढे टाकले.

सासूबाईंचे यंत्र आता माझ्याकडेच आहे. पहिली चड्डी उजव्या मांडीशी काचली. दुसरी बरी बसली, पण टिचबटण एकच लावल्याने कंबरेशी उघडते. लेक गेल्या रविवारी सासरी गेली, जाताना ती दुसरीच घेऊन गेली. तिसरी मी कापून ठेवली आहे, दोन-दोन टिचबटणांची. स्मरणिकेचे हे लिखाण चिटणीसबाईंकडे पोचते केले की ती शिवायला घेईन.